दमयंतीबाईंच्या बंगल्यातील रात्र

(शहादा येथील कार्यकर्ता शिबिरात 'पार्टी' हा चित्रपट दाखविल्यानंतर केलेले भाषण)



चित्रपटाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहीजण तो पक्षावरचा समजून आले होते, हे मघाच्या कुजबुजीवरून कळले. त्यांची निराशा झाली असेल. ही पार्टी आहे मुंबईच्या दमयंती राणे या श्रीमंत विधवेच्या घरची. महेश एलकुंचवार यांच्या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी १९८४ साली हा हिंदी चित्रपट केला. दिवाकर बर्वे या नामवंत साहित्यिकाला पुरस्कार मिळाला, म्हणून मंडळी जमली आहेत. पेले भरले जातात, कलेवर वाद झडतात. पण त्या घरात स्वस्थ असा कोणीच नाही. रंगभूमी सुटलेली मोहिनी पिऊन कोसळते. खुद्द बर्व्यांचा आपल्या लेखणीवरचा विश्वास उडाला आहे. आणि जो तेथे नाही, तो अमृत हा कवी मात्र सर्वांच्या बोलण्यात आहे. तो आदिवासींत जाऊन राहिला आहे. रात्र संपण्याआधी त्याच्या हत्येची वार्ता येते.

या अस्वस्थतेला मनाचा आजार म्हणून मोकळे होता येईल. मला ती थकलेल्या देण्याची टोचणी वाटते. हानेके यांच्या 'काशे' (२००५) या फ्रेंच चित्रपटातही हेच आहे. पॅरिसमधील सुखवस्तू घराच्या दाराशी निनावी फिती येऊन पडू लागतात आणि धागा जाऊन पोहोचतो १९६१ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या पोलिसांनी मारलेल्या अल्जीरियनांपर्यंत.

आपल्याकडे तो धागा शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९७१ साली याच तालुक्यात, पाटीलवाडीला, जमीनमालकांकडून आदिवासींवर गोळीबार झाला. सावकारीत गेलेल्या जमिनींसाठी अंबरसिंग सुरतवंती आधीच उभे राहिले होते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. त्याच सुमारास भिल्ल बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. मोहिनीचा पेला पाहताना मला त्या बायका आठवत होत्या. दारूने घर कसे पोखरते हे दोन्हीकडे ठाऊक होते. हात मात्र एकीकडेच उचलला गेला.

चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार आहे. अखेरीस आपल्याला अमृतची कापलेली जीभ दिसते. दृश्य विसरता येत नाही. पण ज्यांच्यासाठी ती कापली गेली, त्यांच्यापैकी एकाचाही शब्द कानी पडत नाही. अंबरसिंग मुंबईहून आलेले नव्हते. ते स्वतः भिल्ल होते. श्रमिक संघटनेत वाढलेले वाहरू सोनवणे हेही भिल्ल. कोणाचे दुःख कोणी सांगायचे, हा प्रश्न त्यांनी 'स्टेज' या कवितेत आपल्यासारख्यांनाच विचारला आहे.

तेव्हा बर्व्यांना हसण्यापूर्वी जरा इकडे पाहू. सकाळपासून या व्यासपीठावरून पाच जण बोलले. मला धरून पाचांतला एकही भिल्ल नाही, पावरा नाही. सतरंजीवर बसलेले बहुतेक तेच आहेत. पाण्याचे पेलेही त्यांनीच आणून दिले आणि आम्ही ते न बघता घेतले.

अध्यक्षमहाराज, उद्याच्या सत्राची सुरुवात माझ्या नावाने छापली आहे. ते नाव खोडावे. धडगावकडून आलेल्या बायकांनी आधी बोलावे, त्यांच्या बोलीत बोलावे, आणि दुभाषा आमच्यासाठी बसवावा.