दंतचिकित्सा : सेवा करणाऱ्यांचीही सुरक्षितता



दातांच्या दवाखान्यात पाऊल टाकताना रुग्णाच्या मनात भीती असते. परंतु त्या खुर्चीशेजारी उभे राहून सेवा करणाऱ्यांनाही धोके असतात, याची जाणीव फार थोड्यांना आहे. दंतवैद्य, त्यांचा मदतनीस आणि उपकरणे धुणारा, कचरा उचलणारा सफाई कामगार हे तिघेही या धोक्याचे वाटेकरी आहेत. आज मला विशेषेकरून बोलावयाचे आहे ते शेवटच्या दोघांविषयी.

सर्वांत मोठा धोका सुई टोचण्याचा. लस न घेतलेल्या व्यक्तीस बाधित रुग्णाची सुई टोचल्यास 'ब' प्रकारच्या काविळीचा संसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा ६ ते ३० इतके असू शकते. एचआयव्हीच्या बाबतीत ते हजारी सुमारे ३ आहे. म्हणजे ज्या रोगाची आपण अधिक धास्ती घेतो, त्याहून ज्यावर लस उपलब्ध आहे तोच रोग अधिक सहजतेने जडतो! या लशीच्या तीन मात्रा असतात : पहिली, दुसरी एक महिन्याने व तिसरी सहा महिन्यांनी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ही लस व धनुर्वाताची लस देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. तथापि, दंतवैद्याने लस घेतली म्हणजे दवाखाना सुरक्षित झाला, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे.

वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावू नये. ती छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकावी. सुई टोचलीच तर जखम पिळू नये, साबण व पाण्याने धुवावी आणि तत्काळ वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. रागावतील या भीतीने कामगार गप्प राहिला, तर हा मोलाचा वेळ निघून जातो.

इतर धोकेही आहेत. चांदीच्या भरावात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. त्याचे उरलेले कण नालीत न टाकता झाकणबंद भांड्यात साठवावेत. क्ष-किरण चित्र घेताना रुग्णाच्या तोंडातील फिल्म कर्मचाऱ्याने बोटाने धरू नये. दिवसभर वाकून काम केल्याने मान व पाठ दुखावते. त्यास बैठकीची योग्य उंची व मधून मधून विश्रांती हाच उपाय. यंत्राच्या फवाऱ्यातून लाळेचे कण हवेत पसरतात; म्हणून मुखपट्टी, चष्मा व खेळती हवा आवश्यक होय.

ग्रामपंचायत व पंचायत समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे, की ग्रामीण रुग्णालयाच्या बैठकीस आपण जाल तेव्हा एक साधा प्रश्न विचारावा : येथील सफाई कामगाराच्या लशीच्या तिन्ही मात्रा पूर्ण झाल्या आहेत काय? उत्तर नकारार्थी आले, तर तो विषय त्याच दिवशी कार्यवृत्तात नोंदवून घ्यावा.