दुधाचे दात आणि सहा वर्षांची दाढ

बेंगळूरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या भोवतालच्या गल्ल्यांत उर्दू, तमिळ, कन्नड अशा अनेक भाषा एकाच वेळी कानावर पडतात. मुलाच्या पहिल्या दातांना मात्र या सर्व भाषांत एकच नाव आहे. उर्दू बोलणारी आई त्यांना 'दूध के दाँत' म्हणते, तमिळ आई 'पाल् पल्', कन्नड आई 'हालु हल्लु'. मराठी घरात ते 'दुधाचे दात'. नाव गोड आहे, परंतु त्यातूनच एक गैरसमज मूळ धरतो. जे दुधाचे ते तात्पुरते, आणि जे तात्पुरते त्याची काळजी कशाला?

दुधाचे दात एकूण २०. मूल सहा-सात वर्षांचे झाले, की बहुधा खालचे मधले दोन पटाशीचे दात प्रथम हलू लागतात. मग वरचे मधले, आणि आठ-नऊ वर्षांपर्यंत त्यांच्या शेजारचे. त्यानंतर काही काळ विसावा असतो. सुळे आणि दुधाच्या दाढा साधारणतः नऊ ते बारा या वयात पडतात. मुलींचे दात मुलांच्या थोडे आधी पडतात. शेजारच्या मुलापेक्षा सहा महिने उशीर झाला, तर चिंतेचे कारण नाही. मात्र मार न लागताच चार वर्षांच्या आत दात पडू लागल्यास डॉक्टरांना दाखवणे अगत्याचे आहे.

दात पडतो कसा? पक्का दात त्याला खालून ढकलतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः पक्का दात जबड्यात वर सरकू लागला, की विशिष्ट पेशी दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळवून टाकतात. उरलेला माथा केवळ हिरडीला चिकटून राहतो व जिभेच्या चाळ्याने एक दिवस निखळतो. पडलेला दात छपरावर फेकण्यापूर्वी उलटा करून पाहावा. त्याची खालची बाजू पोखरल्यासारखी आढळेल. कधी मूळ पुरते विरण्यापूर्वीच पक्का दात मागून उगवतो. दातांच्या दोन रांगा पाहून घरची माणसे घाबरतात, परंतु बहुधा पुढचा दात काही काळाने आपोआप गळतो.

रेल्वेच्या डब्यात रुमाल टाकून जागा धरावी, तसे दुधाच्या दाढांचे काम असते. त्यांच्या जागी पुढे उपदाढा यायच्या असतात. किडली म्हणून दुधाची दाढ सातव्या-आठव्या वर्षी काढून टाकली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेला वाट उरत नाही. वेडेवाकडे दात पुष्कळदा असे घडतात.

याहून मोठे नुकसान मात्र निराळेच आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ उगवते. ती येताना कोणताच दात पडत नाही. ना बोळके दिसते, ना कोणी कौतुक करते. तिलाही दुधाचीच समजून घरात दुर्लक्ष होते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत अन्न अडकते आणि ती किडते. मग 'पडून नवी येईल' या भरवशावर सारे स्वस्थ बसतात. ती पक्की दाढ असते. तिच्यामागून दुसरी येत नाही.

या दाढेचे महत्त्व दुसऱ्याच कारणासाठी पूर्वी ओळखले गेले होते. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी झाली. पण जन्मनोंद नसलेल्या मुलाचे वय ठरवावे कसे? लंडनचे दंतवैद्य एडविन सॉन्डर्स यांनी १८३७ साली पुस्तिका लिहून, उंचीपेक्षा दातांची साक्ष अधिक विश्वसनीय असल्याचे प्रतिपादन केले. आपल्याकडे डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, की मुलाला शाळेत घालीत. त्या परीक्षेपेक्षा ही निश्चितच बरी.

ही दाढ ओळखणे मुळीच अवघड नाही. मुलाला उजेडात तोंड उघडायला सांगून मधल्या रेषेपासून मागे मोजत जावे. प्रत्येक बाजूला, वर तसेच खाली, पहिल्या पाच जागा दुधाच्या दातांच्या. सहाव्या जागेवर जी दाढ दिसेल ती पक्की. तिच्यावर काळी रेघ वा खळगा दिसल्यास दुखण्याची वाट न पाहता मुलाला दंतवैद्याकडे न्यावे. बेंगळूरूत १९५८ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय आहे. दाढ निरोगी असेल, तर दंतवैद्याला तिच्या खाचा लेप देऊन बुजवता येतात. त्यासाठी सुईही टोचावी लागत नाही.