दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांसह प्रवास

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत मी दोन शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फार विचार करावा लागला नाही. कोजागिरी होऊन गेली. घरोघर चकलीच्या भाजणीची तयारी चालू आहे. ज्यांच्या पदरी लहान मुले आहेत त्यांच्या मनात एकच हिशेब आहे. माहेरी जायचे कधी, कोणत्या गाडीने, आणि पोरांना सांभाळायचे कसे? तेव्हा त्याविषयीच बोलते.

सातारा आणि सांगली हा माहेर-सासरचा जुना रस्ता आहे. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्या साली दक्षिण सातारा असा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. हद्द बदलली, पण सोयरिकी काही हद्द बघून होत नाहीत. इकडच्या लेकी तिकडे आणि तिकडच्या इकडे, हे चालूच राहिले. आपल्या आज्यांना न्यायला मुराळी यायचा, बैलगाडीत गवत पसरून त्यावर घोंगडे टाकायचे. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि मग हळूहळू गावोगाव लाल गाडी आली. आपली पुणे-मिरज रेल्वे १९७१ साली रुंद रुळांची झाली. आता साताऱ्याहून सांगलीला अडीच-तीन तासांत पोचता येते. रस्ता सोपा झाला खरा, पण दिवाळीत तोच रस्ता आईला सर्वांत अवघड जातो.

याचे कारण काय? मी विचार केला तेव्हा मला असे दिसले की गर्दी गाडीमुळे होत नाही, ती आपल्या घरातून सुरू होते. सून असते कामाला. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत तिला कोणी सोडत नाही. फराळ तिने करायचा, पाहुण्यांचे तिने बघायचे. पाडव्याचे ओवाळणे झाले की तिला म्हणायचे, “जा आता, उद्या भाऊबीज आहे.” असे सगळ्याच घरी घडते. म्हणून त्या एका दिवशी सगळ्या सुना, एका काखेत पोर, दुसऱ्या हातात पिशवी अशा स्टँडवर उभ्या राहतात. गाडी येते ती मागूनच भरून येते.

भगिनींनो, लेकीची वाट बघत दारात उभी राहणारी आई आणि सुनेला उशिरा सोडणारी सासू या दोघी पुष्कळदा एकाच घरात राहतात. एकच बाई असते ती. लेक लवकर यावी असे वाटत असेल तर सून लवकर सोडावी, एवढे साधे आहे. अंगावर पिणारे मूल असेल तर तिला दोन दिवस आधी जाऊ द्यावे. ते जमत नसेल तर भावाला बोलवावे. भाऊबिजेला यमद्वितीया म्हणतात. त्या कथेत यमराज स्वतः बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवायला गेला आहे. बहिणीने पोरे घेऊन धावपळ करावी असे कथेत कुठेही नाही. प्रत्यक्ष यमाला जमले ते आपल्या दादांना जमणार नाही काय?

आता तिकिटाचे सांगते, कारण यावरून वाहकाशी वाद झालेले मी पुष्कळदा पाहिले आहेत. एस.टी.त पाच वर्षांच्या आतील मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे. १७ मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. पंच्याहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्या माणसांना २०२२ पासून एस.टी. फुकट आहे. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड जवळ असावे. रेल्वेत बायकांना अशी अर्ध्या तिकिटाची सवलत नाही. तिथेही पाच वर्षांच्या आत तिकीट लागत नाही आणि पुढे बारा वर्षांच्या आत अर्धे लागते. मात्र आरक्षणाच्या डब्यात मुलासाठी स्वतंत्र जागा मागितली तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, म्हणजे गणपतीच्या सुमारासच दिवाळीचा विचार व्हावा. साताऱ्याचे स्टेशन शहरापासून दूर माहुलीकडे आहे, तिथवर जाण्याचा वेळ वेगळा धरावा.

गाडी लागणे ही दुसरी मोठी अडचण. पोरगे ओकले की आई शरमते, शेजारचे नाके मुरडतात. यात पोराचा दोष नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते, ते सांगते आपण हलतो आहोत. डोळे गाडीच्या आतच बघत असले तर ते सांगतात आपण स्थिर आहोत. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि पोट ढवळते. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक. म्हणून मुलाला पुढच्या बाजूला, खिडकीशी बसवावे आणि लांबचे डोंगर बघायला लावावेत. गाडीत मोबाईल हातात देऊ नये, त्याने त्रास वाढतो. उपाशी नेऊ नये आणि ठासूनही भरवू नये. निघताना आजी मायेने चकल्या, करंज्या हातात कोंबते. तळणाचे पोटात गेले की पेठ नाक्याच्या आधीच बाहेर येते. त्यापेक्षा दशमी, साधा भात, केळे बरे. वाळवलेला आवळा किंवा आलेपाक तोंडात ठेवल्याने कित्येकांना बरे वाटते. पिशवीत कागदी पिशव्या, जुना पंचा आणि एक कपड्यांचा जोड वरच्या वर ठेवावा. तळाशी ठेवलेली वस्तू वेळेला सापडत नाही.

जुलाब-उलट्या झाल्या तर घाबरू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी थोडे थोडे पाजावे. मूल मलूल झाले, लघवी बंद झाली, तर मात्र गाडी सोडून पहिला दवाखाना गाठावा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. पोराने गाडीत झोपावे म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध पाजण्याची एक वाईट सवय काही घरांत आहे. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानेही सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना असली औषधे देऊ नयेत. रडणारे मूल परवडले. रडणे मुक्कामाला पोचल्यावर थांबते.

मूल हरवण्याची भीती सर्वांत मोठी. स्टँडवर गाडी लागली की लोक धावतात, खिडकीतून रुमाल टाकतात, त्या लोटालोटीत लहान बोट सुटते. मी मुलांना निघण्यापूर्वी तीन गोष्टी पाठ करायला लावते: स्वतःचे पूर्ण नाव, गावाचे नाव आणि एक फोन नंबर. ज्याला बोलता येत नाही त्याच्या खिशात चिठ्ठी घालते. चिठ्ठी आत असावी. शर्टावर नाव लावून मिरवू नये, कारण नाव वाचून परका माणूसही लाडाने हाक मारू शकतो. चुकलास तर धावत सुटू नको, आहेस तिथेच उभा राहा आणि खाकी कपड्यातल्या माणसाला सांग, हे शिकवावे. मुलांसाठी १०९८ हा फुकट फोन दिवसरात्र चालू असतो. रेल्वेत १३९ आहे. हे दोन आकडे आज घरी गेल्यावर भिंतीवर लिहून ठेवा.

फटाक्यांची पुडी मुलांच्या पिशवीत आहे का हे आईने स्वतः पाहावे. मामाकडे उडवायचे म्हणून पोरे लपवून नेतात. रेल्वेत असली वस्तू नेणे हा गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. शिक्षा राहू द्या, भरल्या डब्यात ठिणगी पडली तर पळायचे कुठे?

पुष्कळ जण जवळच्या गावी मोटारसायकलवर जातात. पुढे टाकीवर एक, मध्ये एक, मागे आईच्या मांडीवर एक. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम असा आहे की चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला शिरस्त्राण हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. हा नियम आपल्याकडे कोणी पाळताना मला दिसत नाही. हवालदाराच्या भीतीने नको, पोराच्या डोक्यासाठी पाळावा. शिवाय दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे गाळप सुरू होते. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात. मागे दिवा किंवा चमकणारी पट्टी नसली तर जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून मुले बरोबर असताना दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठावा.

प्रवासात मुलांना काय दाखवावे, तेही थोडे सांगते. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, कराडला कोयना मिळते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. कराडचा प्रीतिसंगम यशवंतराव चव्हाणांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. एका प्रवासात एका नदीला तीन नद्या येऊन मिळतात. मुलांना म्हणावे, ही कृष्णामाई आपल्याबरोबरच निघाली आहे. रेल्वेने गेलात तर किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उजाड माळावर तिथे कारखाना आणि वसाहत उभी केली, ही गोष्ट त्या स्टेशनावर सांगितली तर मुलांच्या कायमची ध्यानात राहते.

आता शेवटचा मुद्दा. ज्या दिवसांत आपली मुले मामाच्या गावाला निघतात, त्याच दिवसांत आणखी काही मुले आपल्या जिल्ह्यांत येतात. बीडकडून आणि मराठवाड्यातल्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकमध्ये नाहीतर ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, कोंबड्या आणि त्यावर पोरे बसलेली. त्यांना या प्रवासात अर्धे तिकीट नाही आणि खिडकीची जागाही नाही. पोचल्यावर मामाचे घर नसते, उघड्या रानात कोपी असते. आई पहाटे थंडीत फडात जाते आणि आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळत कोपीत बसते. तिची शाळा गावाकडेच सुटलेली असते.

आपल्या लेकराच्या कानाला वारा लागू नये म्हणून आपण टोपरे घालतो. मग या लेकरांचे काहीच करू नये काय? मी मोठे बोलत नाही. आपल्या मंडळाला जमतील अशी चार कामे सुचवते. टोळी उतरली की शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन सांगावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही दाखल करून घ्यावे लागते, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. अंगणवाडीताईंना सांगावे, म्हणजे लहानग्यांची लस आणि खाऊ चुकणार नाही. त्यांच्या गाड्यांना मागून चमकणाऱ्या पट्ट्या लावून द्याव्यात. त्याला खर्च थोडा आणि त्यात त्यांचा जीव वाचेल, आपलाही वाचेल. आणि भाऊबीज उरकून परत आल्यावर उरलासुरला नव्हे, वेगळा काढून ठेवलेला फराळ त्या कोप्यांवर न्यावा. जाताना आपली मुलेही बरोबर न्यावीत.

हे चार ठराव आजच्या सभेने लिहून घ्यावेत अशी माझी अध्यक्षाबाईंना विनंती आहे. आणि ज्या घरी सून आहे त्या भगिनींनी पाचवा ठराव मनातल्या मनात करावा, की यंदा तिला पाडव्यापर्यंत अडकवून ठेवणार नाही.

 सर्वांची मुलेबाळे सुखरूप जावोत आणि सुखरूप परत येवोत, एवढे म्हणून माझे दोन शब्द पुरे करते. जय हिंद.