लांब पल्ल्याची घोडेस्वारी: सुरुवात कशी करावी?

घोडा म्हटलं की आपल्याला माथेरानचा फेरफटका आठवतो, नाहीतर लग्नाची वरात. इथे अमेरिकेत चाळिशी ओलांडल्यावर मी ज्या खेळात पडले, तो जरा वेगळा आहे. एन्ड्युरन्स रायडिंग, म्हणजे लांब पल्ल्याची घोडेस्वारी. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांना ती जमते का, असं बरेच जण विचारतात. जमते. पण आधी खेळ समजून घेऊ.

१९५५ साली वेंडेल रोबी आणि त्यांच्या सोबत्यांनी लेक टाहोच्या परिसरातून सिएरा नेवाडा ओलांडून ऑबर्नपर्यंतचं शंभर मैलांचं अंतर एका दिवसात घोड्यावरून कापलं. तीच आजची टेव्हिस कप. मुदत २४ तास, आणि कित्येक वर्षी निघालेल्यांपैकी जेमतेम निम्मेच पोचतात. पुढे १९७२ साली अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स, म्हणजे एईआरसी, स्थापन झाली. तिचं ब्रीद असं, की पूर्ण करणं हेच जिंकणं.

नवशिक्यानं शंभराचा विचारही करू नये. काही ठिकाणी १०-१५ मैलांची ओळखीची राइड असते. त्यापुढे २५ ते ३५ मैलांची 'लिमिटेड डिस्टन्स'. २५ मैलांना सहा तास मिळतात, ५० मैलांना बारा, तेही सक्तीचे थांबे धरून. म्हणजे ताशी चार-सव्वाचार मैल. घोडा भरधाव सोडायची गरजच नाही. बराचसा वेळ दुडकी चाल, आणि तीव्र उतारावर चक्क खाली उतरून लगाम धरून पायी चालायचं.

खरी परीक्षा थांब्यावर होते. तिथे पशुवैद्य नाडी मोजतात, पोटाचे आवाज ऐकतात, कातडी चिमटीत धरून पाणी कमी पडलंय का पाहतात आणि घोडा दुडक्या चालीनं पळवून लंगडतोय का बघतात. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. लिमिटेड डिस्टन्समध्ये शेवटची रेषा ओलांडली तरी तुमचं घड्याळ थांबत नाही. नाडी ६० पर्यंत उतरली की मगच थांबतं. आमच्या आयटीच्या भाषेत, सॉफ्टवेअर पाठवलं म्हणजे काम संपलं नाही, क्लायंटनं स्वीकारलं की संपलं.

गेल्या वर्षी एका २५ मैलांच्या राइडला मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी निघालो होतो. अर्ध्यावर पशुवैद्यांनी माझा घोडा थांबवला, पुढच्या डाव्या पायात लंगड आहे म्हणून. मला वर बसून काहीच जाणवलं नव्हतं. सोळा वर्षांखालच्या मुलांसोबत मोठा स्वार लागतोच, त्यामुळे लेकीचाही खोळंबा झाला. "आई, तो चालतोय ना! मग का थांबायचं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कित्येक महिन्यांची तयारी, पैसे, रजा सगळं माझ्याही डोळ्यांसमोर आलं. पण गेलेला खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, हे एमबीएला शिकलेलं तिथे कामी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा तो पाय जमिनीवर टेकवत नव्हता. लेकीनं ते पाहिलं आणि मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता सुरुवात. पहिलं, जवळच्या तबेल्यात किमान सहा महिने ते वर्षभर रीतसर शिका. दुडक्या चालीत रिकिबीवर उठत-बसत तासभर जाता आलं पाहिजे. दुसरं, एखाद्या राइडला स्वयंसेवक म्हणून जा. नाडी मोजणारे, नोंदी लिहिणारे हात सगळीकडे हवे असतात, आणि एका दिवसात जे कळतं ते दहा व्हिडिओंत कळत नाही. तिसरं, लगेच घोडा विकत घेऊ नका. खरेदीपेक्षा तबेल्याचं भाडं, चारा, नाल आणि औषधपाणी दर महिन्याला जास्त जाणवतं. अनुभवी स्वारांकडे जादा घोडे असतात, त्यांच्याशी बोला किंवा भाड्यानं घ्या.

चौथं, घाई नको. घोड्याचा दम काही महिन्यांत वाढतो, पण स्नायुबंध आणि हाडं पक्की व्हायला त्याहून बराच जास्त काळ लागतो. म्हणून अंतर आणि वेग एकदम वाढवायचे नाहीत. एईआरसीच्या नियमानं घोडा लिमिटेड डिस्टन्सला किमान चार वर्षांचा आणि ५० मैलांना पाच वर्षांचा लागतो. हेल्मेटशिवाय तर खोगिरावर बसूच नका.

या खेळात अरबी घोडे पुढे असतात, कारण अंगातली उष्णता ते लवकर बाहेर टाकतात. मोठाच घोडा हवा असं नाही. भीमा नदीकाठची आपली भीमथडी तट्टं लहान चणीचीच, पण मराठ्यांच्या फौजांनी त्यांच्यावर लांबलांबच्या मजला मारल्या.

घोडा दमलो म्हणून सांगत नाही, ते आपण ओळखायचं असतं. मुलांना हे शिकवायला याहून चांगली शाळा मला तरी ठाऊक नाही. तेव्हा येत्या मोसमात एक शनिवार मोकळा ठेवा, सगळे मिळून स्वयंसेवक म्हणून जा. सोबत पाणी, टोपी आणि घरचा डबा घ्या.