जोधपूरच्या किल्ल्याखालचा कातळ

राव जोधानें १४५९ सालीं मेहरानगडाचा पाया घातला. ज्या कातळावर हा बुलंद किल्ला उभा राहिला तो मुळांत राखेचा आहे, असें सांगितल्यास कोणाचा सहसा विश्वास बसणार नाहीं.

महाराष्ट्रीयांस ज्वालामुखीचा दगड म्हटला कीं सह्याद्रीची काळवत्री आठवते. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं पातळ शिलारस भेगांतून वर आला व दूरवर पसरला, त्याची ती बनली. जोधपूरकडील प्रकार निराळा. येथील ऱ्हायोलाइट खडकांत सिलिकेचें प्रमाण शेंकडा ७० च्या आसपास किंवा त्याहून अधिक. असा रस अतिशय घट्ट; त्यांत कोंडलेली वाफ सुटते ती पुष्कळदां स्फोट करूनच. मग तप्त राखेचे लोट जमिनीलगत धांवत सुटतात, आणि स्थिरावल्यावर राखेचे कण स्वतःच्याच उष्णतेनें एकमेकांस चिकटून त्यांचा कातळ होतो. किल्ल्याजवळ असा खडक आहे.

मारवाडांतील मालाणी प्रांतावरून या खडकांस नांव मिळालें. ब्लॅनफर्ड यांनीं १८७७ सालीं त्यांचें वर्णन केलें. त्यांचा विस्तार सुमारें ५०,००० चौरस किलोमीटर असून वय ७७ ते ७५ कोटी वर्षांच्या घरांत आहे.

इतका सिलिकायुक्त रस आला कोठून? प्रावरणांतील खडक वितळला तर बहुधा बॅसाल्टच मिळतो. एवढा ऱ्हायोलाइट हवा तर खंडाचें जुनें कवच खालून तापून वितळलें पाहिजे. येथवर फारसा वाद नाहीं. भांडण आहे तें तापविणाऱ्याबद्दल. एक पक्ष म्हणतो, खंड ताणला जाऊन पातळ झाला व खालून उष्ण प्रावरण वर आलें. दुसरा म्हणतो, जवळच समुद्रतळ खंडाखालीं शिरत होता, जसा आज दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताखालीं शिरतो.

दुसऱ्या पक्षाचा आधार रासायनिक खुणांचा. परंतु वितळलेल्या जुन्या कवचांतच त्या खुणा असतील, तर नव्या खडकांत त्या उतरणारच. आजोबांचें नाक नातवाला यावें तसें. उलट मालाणींत बॅसाल्ट व ऱ्हायोलाइट ही दोन टोकेंच प्रामुख्यानें दिसतात, मधले खडक थोडे. सिवाण्याचा सोडायुक्त ग्रॅनाइटही ताणाचीच साक्ष देतो. यामुळें पहिलें पारडें जड वाटतें. मात्र सेशेल्स बेटांतील ग्रॅनाइट साधारण याच वयाचे आहेत, आणि मादागास्करमध्येंही त्या काळचे खडक आहेत. हे दोन्ही भूभाग तेव्हां भारतालगत होते. मादागास्कर सुमारें ९ कोटी आणि सेशेल्स सुमारें ६ कोटी वर्षांपूर्वीं अलग झाला. तिकडे समुद्रतळ खालीं शिरत असून त्याच्या पाठीमागें मालाणीची भूमि ताणली गेली, असा मध्यम मार्गही कांहीं अभ्यासक सुचवितात. तो त्याज्य मानण्याचें कारण दिसत नाहीं.

या वादाचें मोल जोधपुरापुरतें नाहीं. थंड होतांना ऱ्हायोलाइटमधील लोहकणांनीं तत्कालीन चुंबकीय दिशा धरून ठेविली, व तीवरून भारताचे अक्षांश काढतां येतात. त्या काळीं सर्व खंड रोडिनिया नांवाच्या एका महाखंडांत जोडलेले होते, अशी कल्पना आहे. परंतु भारत व ऑस्ट्रेलिया पुढें गोंडवनांत जसे शेजारी होते तसे ७५ कोटी वर्षांपूर्वीं नव्हते, असें हे अक्षांश दर्शवितात.

जोधपुरांत या राखेच्या कातळावर वालुकाश्माचे थर आहेत. १९४३ सालीं पुरा झालेला उमेद भवन राजवाडा अशाच वालुकाश्माचा आहे. दोहोंच्या मध्यें झिजलेली भूमि असून तेथें कोट्यवधि वर्षांचा हिशेब गहाळ आहे. ज्वालामुखींचे माथे त्याच अवधींत झिजून गेले.