अकरा विजय, दोन पराभव आणि एकच झेंडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



ज्यांच्याशी आपले वैचारिक गोत्र जुळते, त्यांचे गुण गाणे सोपे असते. कार्यकर्त्याची खरी परीक्षा होते ती विरोधी विचारांच्या माणसाकडे पाहताना. आजच्या विषयासाठी म्हणूनच शेतकरी कामगार पक्षाचे दिवंगत आमदार भाई गणपतराव देशमुख यांची निवड केली आहे. त्यांच्या पक्षाने १९५० साली दाभाडी येथे मार्क्सवादाची भूमिका जाहीरपणे स्वीकारली होती. वर्गसंघर्षाची ती मांडणी राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्याला मान्य होण्यासारखी नाही. तरीही सोलापूर जिल्ह्यातील सांगोला या एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आलेल्या या माणसाचे राजकीय जीवन डोळसपणे अभ्यासावे, इतके मोलाचे आहे.

१० ऑगस्ट १९२६ हा त्यांचा जन्मदिवस. कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकील झाले. वकिलीत स्थिरावून सुखाने जगण्याची वाट मोकळी असताना त्यांनी पक्षकार्य पत्करले. १९६२ साली ते प्रथम विधानसभेत आले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची ती पहिलीच निवडणूक. २६४ जागांपैकी २१५ जागा काँग्रेसकडे गेल्या. अवघे १५ आमदार असलेला शेतकरी कामगार पक्ष हाच प्रमुख विरोधी पक्ष ठरला. जनसंघाला त्या वेळी एकही जागा मिळाली नव्हती. गणपतराव २०१९ साली सभागृहातून निवृत्त झाले, तेव्हा मावळत्या विधानसभेत भारतीय जनता पक्ष १२२ जागा जिंकून आलेला होता आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या वाट्याला तीन जागा आल्या होत्या. या दोन आकड्यांच्या जोडीमध्ये त्यांची सारी कारकीर्द सामावलेली आहे. पक्ष आटत गेला. हा माणूस जागचा हलला नाही.

ओहोटीतील निष्ठा

भरतीच्या काळात निष्ठा ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत. शेतकरी कामगार पक्षाला मात्र प्रारंभापासूनच गळती लागली होती. ज्यांनी पक्ष उभारला ते केशवराव जेधे स्वतः काँग्रेसमध्ये परतले. पुढे यशवंतराव मोहिते यांच्यासारखे कर्तबगार नेतेही त्याच वाटेने गेले. ग्रामीण महाराष्ट्रातील सत्ता, साखर कारखाने, जिल्हा बँका यांच्या किल्ल्या काँग्रेसच्या हाती होत्या. गणपतरावांसारख्या लोकप्रिय आमदाराला त्या घराचे दार कधीच बंद नव्हते.

निष्ठेचा कस लागतो तो पराभवात. १९७२ साली ते पराभूत झाले. दोन वर्षांनी, १९७४ च्या पोटनिवडणुकीत सांगोल्याने त्यांना पुन्हा निवडून दिले. दुसरा पराभव १९९५ चा, आणि तोही केवळ १९२ मतांनी. वय सत्तरीकडे झुकलेले, सात विजय गाठीशी असलेले. अशा वेळी माणूस एकतर घरी बसतो किंवा नवा आश्रय शोधतो. गणपतराव त्याच झेंड्याखाली लोकांमध्ये फिरत राहिले. १९९९ साली ते पुन्हा निवडून आले आणि त्यानंतर २००४, २००९ व २०१४ असे सलग विजयी झाले. अखेरच्या विजयाच्या वेळी त्यांचे वय ८८ वर्षांचे होते.

पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली व दहावे परिशिष्ट अस्तित्वात आले. कायद्याने आमदाराचे सदस्यत्व जाऊ शकते, निष्ठा मात्र निर्माण करता येत नाही. ती आधी मनात असावी लागते.

दुष्काळाचे राजकारण आणि दुष्काळाचे काम

सांगोला हा पर्जन्यछायेतील तालुका. माण नदी बहुतेक काळ कोरडीच. येथे आमदाराकडे पहिली मागणी असे ती पाण्याची आणि हाताला कामाची. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने कृष्णा खोऱ्यातील तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीला भरू लागली, तेव्हा गणपतराव त्या चळवळीचे एक आधारस्तंभ होते. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून माणदेशाकडे नेणाऱ्या योजनेसाठी वर्षानुवर्षे जो रेटा द्यावा लागला, तो या चळवळीने दिला. सांगोल्यात त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती नावारूपाला आणली. अनेक सहकारी संस्था पुढाऱ्यांच्या पायी बुडालेल्या पाहिलेल्या महाराष्ट्रात ही गोष्ट सामान्य नव्हे. याच तालुक्यातील डाळिंब पुढे दूरदूरच्या बाजारपेठांत पोहोचले. त्यामागे शेतकऱ्याचा घाम आहे, तसेच पाण्याचा प्रत्येक थेंब मोजून वापरण्याची दुष्काळाने लावलेली शिस्तही आहे.

एस. टी. च्या बसमधून प्रवास करणारा आमदार अशी त्यांची ख्याती होती. साधेपणाच्या अशा कथा ऐकून भारावून जाणे पुरेसे नाही. बसमधून जाणाऱ्या आमदाराला रस्ता कोठे उखडला आहे, कोणत्या गावची विहीर आटली आहे, हे सहप्रवासीच सांगतात. काचा बंद केलेल्या गाडीत हा संवाद घडत नाही. सभागृहातील त्यांच्या बोलण्याला वजन आले ते याच माहितीमुळे.

मतभेद आणि सौहार्द

१९७८ साली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले. त्या मंत्रिमंडळात गणपतराव होते आणि जनसंघाच्या मुशीतून घडलेले उत्तमराव पाटील व हशू अडवाणी हेही होते. दोन टोकांच्या विचारांची माणसे एका मंत्रिमंडळात बसली. १९८० च्या फेब्रुवारीत ते सरकार बरखास्त झाले आणि जो तो आपल्या वाटेने गेला. १९९९ साली गणपतराव पुन्हा मंत्री झाले. दोन्ही वेळा मंत्रिपद आले आणि गेले. सांगोल्याशी असलेले नाते तेवढे अखंड राहिले.

मूल्यमापन करताना एक उणीवही नोंदवली पाहिजे. व्यक्तीचा लौकिक वाढत गेला, पण राज्यभर पक्ष वाढला नाही. २०१९ साली त्यांनी निवडणूक लढवली नाही आणि पक्षाने त्यांच्या नातवाला उभे केले. ती जागा ७६८ मतांनी गेली. २०२४ साली दुसऱ्या नातवाने ती परत मिळवली, तेव्हा संपूर्ण राज्यात पक्षाचा तो एकमेव विजय होता. जेथे संघटना एका माणसाच्या पुण्याईवर उभी असते, तेथे तिला वारसही त्याच घरात शोधावा लागतो. जे काम माणसामागून माणूस पुढे नेऊ शकतो, तेच टिकते. संघटनेच्या कार्यकर्त्याने हे विसरता कामा नये.

३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारांशी मतभेद कायम ठेवूनही त्यांच्यापुढे नतमस्तक होता येते. आज आपला विचार भरतीवर आहे. अशा वेळी प्रत्येकाने आपल्या मनाला एकच प्रश्न विचारावा: उद्या पंधराचे तीन झाले, पराभव १९२ मतांनी झाला आणि समोरचे दार उघडे असले, तर आपण कोठे उभे असू? गणपतरावांनी या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी दिले नाही. १९६२ पासून अखेरपर्यंत ते आपल्या जागी उभे राहिले, हेच त्यांचे उत्तर होते.