फोनवरची बोली

जुनी ठासणीची बंदूक लंडनच्या लिलावात निघाली, तर इथे चेन्नईत बसून ती घेता येते का? बोली लावता येते. घरी आणणं ही वेगळी गोष्ट आहे.

आधी नाव नोंदवायचं, ओळखपत्र द्यायचं. रक्कम मोठी असेल तर बँकेचं पत्र किंवा अनामत मागतात. आपली वस्तू येण्याआधी दोन-चार नग उरले की लिलावगृहाचा माणूस फोन करतो. तो आकडा सांगतो, आपण हो किंवा नाही म्हणायचं. समोर कोण चढतंय ते दिसत नाही. म्हणून आपली मर्यादा आधीच कागदावर लिहून ठेवा. हातोडा पडला तरी हिशेब संपत नाही. वर लिलावगृहाचं कमिशन, विमा, वाहतूक.

२०१५ साली बॉनहॅम्सच्या लिलावात टिपू सुलतानाच्या संग्रहातल्या ३० वस्तू ६० लाख पौंडांवर गेल्या. त्यांत बंदुकाही होत्या. २०२५च्या एप्रिलमध्ये सदबीजच्या लिलावात रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली; सगळा खर्च धरून सुमारे ४७ लाख रुपये. हेच रघुजी १७४० मध्ये आपल्या या कर्नाटक प्रांतात उतरले होते. दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली त्यांच्याशी लढताना पडला.

बंदुकीचं प्रकरण तलवारीपेक्षा अवघड. आयातीला परवाना लागतो. १९५९च्या शस्त्र कायद्यात, कलम ४५ मध्ये, जुन्या घडणीच्या हत्याराला सूट आहे. पण ते दुरुस्त करूनही उडणार नाही असं असेल तरच. त्यामुळे ‘दोनशे वर्षं जुनी आहे’ एवढं सांगून भागत नाही. परवान्याची चौकशी आधी, फोन नंतर. शिवाय १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांपलीकडची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आता आपल्या घरचं. १८५५ मध्ये तंजावरचे शिवाजी राजे गेले, मुलगा नव्हता, कंपनीने राज्य घेतलं. पुढे तिथल्या शस्त्रागारातली निवडक हत्यारं मद्रासच्या संग्रहालयात आली, बरीचशी मोडून भंगारात गेली. काही फिरत फिरत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोचली. तेव्हा किलोवर गेलेला माल आज पौंडांत मोजला जातो.

म्हणून माझं सांगणं दोनच गोष्टींचं. बोली लावण्याआधी एकदा एग्मोरच्या संग्रहालयात जा. मराठ्यांची हत्यारं तिथे तिकिटाच्या पैशांत बघायला मिळतात. घडण कशी असते ते डोळ्यांत बसलं की कॅटलॉगमधल्या फोटोवर भुलायला होत नाही. दुसरं, घरात वडिलोपार्जित हत्यार असेल तर त्याचे कायद्याचे कागद तपासा आणि ते कुणाचं, कुठून आलं, हे आजी-आजोबा आहेत तोवर लिहून घ्या. टिपूच्या बंदुकीला भाव मिळतो तो ती टिपूची आहे हे दाखवता येतं म्हणून. आपल्याकडे हत्यार उरतं आणि गोष्ट हरवते. मग उरतं ते लोखंड, आणि लोखंडाचं काय होतं ते तंजावरने पाहिलंय.